साथीतलं सहभोजन

गेल्या हिवाळ्यात कळव्याच्या आमच्या इमारतीत उलट्या-जुलाब सुरू झाले, तेव्हा सुरुवातीला कुणीच ते बोलून दाखवलं नाही. पोट बिघडणं ही आपल्याकडे ज्याची त्याची खासगी गोष्ट. कुणी लग्नातल्या पनीरवर ढकललं, कुणी बाहेरच्या पाणीपुरीवर. मग जिन्यात सगळ्याच मजल्यांवर फिनेलचा वास यायला लागला, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली ओआरएसची पाकिटं संपली, आणि ती साथ आहे हे लोकांना कबूल करावं लागलं.

साथ म्हटली की पुढचा प्रश्न ठरलेला: कुणामुळे?

उत्तर तळमजल्यावर होतं. तिथे एक ताई पोळीभाजी केंद्र चालवायच्या. नवरा सोडून गेल्यावर त्यांनी एकटीने उभं केलेलं. इमारतीतली बरीच नोकरदार जोडपी सकाळी घोडबंदरच्या ऑफिसांकडे धावायची ती त्यांचाच डबा घेऊन. काही घरं मात्र पहिल्यापासून डबा घेत नव्हती. ताईंचं आडनाव त्यांना ठाऊक होतं. विचारलं तर म्हणायची, 'तेल फार असतं हो.'

ताईंचं पोट बाकीच्यांच्या आधी बिघडलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नव्हतं. "काल रात्रभर उलट्या," असं जिन्यात उभं राहून सांगितलं होतं. हाच पुढे पुरावा ठरला. सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'तळमजल्यावरील बाईंच्या हातचं तूर्त कुणी खाऊ नये. रविवारच्या सभेत केंद्र बंद करण्याचा ठराव घेतला जाईल.'

बाबांनी तो मेसेज मोठ्याने वाचला आणि फोन टेबलावर आपटला.

बाबा एसटीच्या खोपट डेपोत मेकॅनिक होते, आणि नोकरीभर युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि पाठीमागचा मजकूर उलटा उमटलेला असायचा तोही वाचायला शिकले. 'हिच्या हातचं नको' हे वाक्य बाबांनी लहानपणी गावात स्वतःच्या आईबद्दल ऐकलं होतं. ते वाक्य कुठल्याही कपड्यात आलं तरी त्यांना ओळखू येतं. मलाही येतं.

"सहभोजन घ्यायचं," बाबा म्हणाले. "पार्किंगमध्ये. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तिच्या हातचं जेवायचं."

मी तिथेच पत्रक लिहायला बसले. 'रोग हातात नसतो, नजरेत असतो' हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

आम्ही ताईंना सांगायला गेलो. त्या दाराशीच स्टुलावर बसल्या होत्या.

"काका, थोडे दिवस जाऊ द्या ना," त्या म्हणाल्या. "अजून अशक्त वाटतंय. सकाळीसुद्धा दोनदा जाऊन आले."

"घाबरू नकोस. आम्ही आहोत ना पाठीशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ताई, आत्ता माघार घेतली तर ते जिंकतील."

घरी आल्यावर आईने विचारलं, "तिला बरं नाही असं ती म्हणतेय. तुम्हा दोघांना ऐकू येत नाही का?"

"आई, प्रश्न तिच्या तब्येतीचा नाहीये."

"मग कुणाच्या तब्येतीचा आहे?" आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली. ती सहभोजनाला आली नाही.

गुरुवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये टेबलं लागली. बाबांचे डेपोतले जुने मित्र आले, इमारतीतली चार-सहा घरं आली. वांग्याची भाजी, पोळ्या, काकडीची कोशिंबीर. पार्किंगच्या नळाला त्या वेळी पाणी नसतं, म्हणून टेबलावर सॅनिटायझरची मोठी बाटली ठेवली होती. करोनापासून ती बाटली असली की आपलं कर्तव्य झालं असं सगळ्यांना वाटतं. बाबांनी दोन शब्द बोलून झाल्यावर ताईंना पुढे बोलावलं. "पहिला घास तुझ्या हाताने भरव." ताईंनी पदराला हात पुसून बाबांना घास भरवला. मग मला. मग एकेकाला. टाळ्या झाल्या. फोटो काढून मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, सेक्रेटरींना झोंबेल अशा ओळीसह.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा चहाचा कप अर्धा टाकून उठले. त्यानंतर मी. आमच्याकडे एकच संडास. मधल्या वेळात बाबांच्या मित्रांचे फोन येत होते आणि सगळ्यांची विचारपूस एकच होती: "तुझं काय रे? तुझंही?"

आई साखर-मिठाचं पाणी ढवळत होती. "झाली का क्रांती?" तिने विचारलं.

हसायलाही ताकद नव्हती. पण बाबांचे ओठ सुकलेले आणि डोळे खोल गेलेले पाहिले तेव्हा तिने पेला स्वतःच त्यांच्या तोंडाला लावला. या वयात अंगातलं पाणी गेलं की माणूस किती पटकन रिकामा होतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

सकाळी आम्ही त्यांना स्टेशनजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्याच वयाची. बाबांनी चांगलं स्ट्रॉंग अँटिबायोटिक मागितलं.

"काका, हे बहुतेक विषाणूचं काम आहे. नोरोव्हायरस, नाहीतर त्याचा कुणी भाऊबंद. नक्की कोण ते तपासणीशिवाय कळणार नाही, आणि रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही बरे झालेले असाल. त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. घोट घोट ओआरएस घेत राहा. लघवी कमी झाली, गुंगी वाटली, तर लगेच या."

मी विचारलं, "पाण्यातून आला असेल ना?" दोष द्यायला मला अजूनही महापालिका हवी होती.

"पाण्यातून येऊ शकतो. पण आजारी माणसाच्या हातातून, त्याने हाताळलेल्या खाण्यातून फार सहज जातो. अगदी थोडे कण पुरतात."

"सॅनिटायझर ठेवलं होतं आम्ही."

"याला ते फारसं जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी, चांगलं घासून. आणि ज्याला झालंय त्याने बरं वाटल्यानंतरही निदान दोन दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही."

मी भडकले. स्वयंपाकाला हात लावायचा नाही! महिन्याच्या महिन्याला बायकांना हेच सांगितलं जातं. आईने लग्नानंतर याच वाक्याशी सासरी भांडण काढलं होतं. "म्हणजे विटाळच की," मी म्हटलं.

डॉक्टर रागावली नाही. "विटाळ कुणाला लागतो ते आधीच ठरलेलं असतं," ती म्हणाली. "हा नियम मला झालं तर मलाही आहे."

तो उरलेला दिवस आणि रात्रभर अंथरुणावर पडून मी त्या वाक्याशी झगडत होते. पत्रकाला समोर कुणीतरी लागतं: मालक, मंत्री, सेक्रेटरी. विषाणू समोर उभा राहत नाही. त्याला ताईंचं आडनाव माहीत नाही, आणि बाबांची चळवळही. घास भरवणारा हात प्रेमाचा आहे की सक्तीचा, याचाही त्याला फरक पडत नाही. आम्ही अपमानाला उत्तर देत होतो आणि ते उत्तर खरं होतं. पण अपमान खोटा ठरवायला आम्ही रोगच खोटा ठरवला. आजारी बाईला आजारी म्हणणंसुद्धा आम्हाला शत्रूची भाषा वाटली.

आणि तरीही सेक्रेटरी बरोबर होते असं मला वाटेना. काहीतरी राहून जात होतं.

रविवारी सभा भरली. बाबा ओआरएसची बाटली मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. ताई मागे, भिंतीला टेकून उभ्या.

सेक्रेटरी म्हणाले, "आता मी वेगळं काय बोलू? समर्थकच आडवे झाले!" लोक हसले. एक आजी म्हणाल्या, "घास भरवून घेतला ना, मग भोगा."

मी उठले. "रोग ताईंच्या हातून आम्हाला झाला असेल," मी म्हटलं. "बहुतेक तसंच झालंय."

बाबांनी झटकन मान वर केली. ताईंनी डोळे मिटून घेतले.

"पण त्या नको म्हणत होत्या. बरं नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही त्यांना स्वयंपाकाला लावलं. त्यामुळे गुरुवारचा दोष त्यांचा नाही, आमचा आहे."

"गुरुवारचा तुमचा, ठीक," सेक्रेटरी म्हणाले. "त्याआधीचा? आजारी असताना डबे कशाला दिले हिने? आम्ही सांगितलं होतं का?"

तेव्हा ताई भिंतीपासून पुढे आल्या. आवाज लहानच होता.

"काका, मागच्या पावसाळ्यात मला ताप होता. मी केंद्र बंद ठेवलं. परत उघडलं तर निम्मे डबे दुसरीकडे गेलेले. तुमचाही गेला होता. आठवतंय? काकू म्हणाल्या, आम्हाला रोज लागतं गं, तुझा भरवसा नाही. म्हणून या वेळी उलटी झाली की चूळ भरायची आणि पोळ्या लाटायच्या. चुकलं माझं. पण बंद ठेवलं की तुम्ही जाता, चालू ठेवलं की हाकलता. मी आजारी पडायचं कधी?"

बाबा पुटपुटले, "रजा." मग जरा मोठ्याने, "हिला रजाच नाही. ड्रायव्हरच्या आजारपणाच्या रजेसाठी मी डेपोच्या गेटवर बसलोय, आणि ही माझ्याच बिल्डिंगमध्ये..." वाक्य पूर्ण करायला दम उरला नव्हता.

ते पूर्ण आईने केलं, तिच्या पद्धतीने. "सोपं आहे. ही आजारी पडली की केंद्र बंद, बरी झाल्यावरही दोन दिवस बंद. तेवढे दिवस ज्याने त्याने आपला खिचडीचा कुकर लावायचा. केंद्र उघडलं की मुकाट्याने परत यायचं. कोण कोण येणार, हात वर करा."

"अहो वहिनी, सभा आहे ही, भिशी नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"म्हणूनच हात वर करायला सांगतेय."

हात हळूहळू वर गेले. सगळे नाही. तेल जास्त असतं म्हणणाऱ्यांचे गेले नाहीत, पण त्यांचा डबा नव्हताच. सेक्रेटरींनी कागदपत्रं चाळल्यासारखं केलं. ठराव मात्र त्यांनी मांडला नाही.

पुढचे दोन दिवस केंद्र बंद होतं. मी खाली गेले तर ताई दारातल्या उन्हात बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कसंतरीच वाटतं गं नुसतं बसून," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "येतील ना सगळे?"

माझ्याकडे असल्या प्रश्नांची उत्तरं तयार असतात. बाबांसारखीच. आम्ही आहोत ना, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"सगळे नाही येणार, ताई," मी म्हटलं. "बरेचसे येतील."

त्यांनी मान हलवली. "मग पीठ तेवढंच मळते," त्या म्हणाल्या, आणि मला बसायला स्टूल सरकवलं.