काटा वजाकडे

अप्पांची मोटर माझ्याहून बरीच मोठी आणि माझ्याहून हट्टी. दिवे लावले की तिचा डायनॅमो रुसायचा, आणि बॅटरी भरते की रिकामी होते हे सांगणारा काटा वजाकडे कलायचा. अप्पा धारवाडात गणिताचे मास्तर. वजा त्यांना सहन होत नसे. मी शेजारी बसून काट्यावर नजर ठेवायची आणि ओरडायचं, "अप्पा, वजा!" की ते दिवे मालवत. पुढचं अगदीच दिसेनासं झालं की पुन्हा लावत. कवडीचुंबक नव्हते ते; वाटेत गाडी ढकलायची वेळ येऊ नये, एवढंच. ढकलणारी मीच असायची.

तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. हुबळी जवळ आली आणि दिवस मावळला. मी म्हटलं, "वजा." अप्पांनी दिवे घालवले. तारिहाळच्या कारखान्यातून सुटून एक कामगार सायकलवरून घरी निघाला होता. तो आम्हाला दिसलाच नाही. जीव वाचला, पण डावा पाय कायमचा आखडला आणि नोकरी गेली.

"दिवे आपोआप गेले," अप्पांनी सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना, आईला, त्या माणसालाही. मला मात्र एका शब्दाने कधी बोलले नाहीत. गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच.

तो माणूस दर दसऱ्याला लंगडत यायचा, बन्नीची पानं द्यायला. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण," म्हणायचा, म्हणजे शमीची पानं घेऊन सोन्यासारखं राहू या. वर अप्पांचीच समजूत घालायचा, "मास्तर, गाडीचा दोष. तुम्ही काय करणार?" अप्पा खाली बघत पानं घेत. मी चहाच्या निमित्ताने आत पळे. लाज वाटायची. अजून वाटते.

अप्पा गेले त्या वर्षीच्या नवरात्रात मी कमरीपेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. गाडीत दोष निघू नये म्हणून लोक देव पाण्यात ठेवतात. मी निघावा म्हणून ठेवले होते. एखादी तुटकी वायर, जळका स्विच, काहीही चाललं असतं. त्याने नवी बॅटरी जोडली आणि दोन्ही दिवे लख्ख पेटले.

"वायरी सगळ्या जागच्या जागी हैत," तो म्हणाला. "डायनॅमोचा बेल्ट तेवढा ढिला. म्हणून वजा दाखवत होतं."

"मग दिवे गेले असते ना?"

"हॅट्! भरलेली बॅटरी दोन तास दम काढतीय, अक्का. हुबळी काय काशीला आहे?"



दसऱ्याला तो माणूस आलाच. धुऊन हार घातलेली गाडी बघून थबकला. मग बन्नी माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "सापडला का दोष, अक्का?"

"सापडला."

"काय होतं?"

सांगायचं तर तेव्हाच होतं. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "बेल्ट ढिला होता."

त्याने वाकून गाडीला नमस्कार केला. "बघा," म्हणाला, "मी मास्तरांना सांगतच होतो."