पाच फुटी पलंग

काकू पलंगापाशी थांबल्या आणि मी ठरल्याप्रमाणे खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. आमच्या सेल्स मॅनेजर विनीत सरांची शिकवणच तशी होती.

कॉलेज सांभाळून मी शनिवार-रविवार वरसाव्याला एका बिल्डरच्या ऑफिसात सॅम्पल फ्लॅट दाखवायचे. इमारत उभी राहण्याआधी बांधलेलं हे नमुन्याचं घर. त्याच्या आतल्या खोल्यांना दारं नव्हती, कारण दार जागा खातं आणि ते दिसतं. पलंग मुद्दाम पाच फूट लांबीचाच करून घेतलेला. मग खोली ऐसपैस वाटते. सर याला मोठ्या ऐटीत 'मिसडायरेक्शन' म्हणत. जादूगार एक हात नाचवतो, काम दुसरा करतो, तसं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इंग्रजी शब्द अडला की डिक्शनरी बघते. त्यात लक्ष भलतीकडे वळवणं, पत्रावर चुकीचा पत्ता घालणं, जजने ज्युरीला कायदा चुकीचा समजावणं, एवढे अर्थ होते. फसवणं असं कुठे लिहिलं नव्हतं. तेवढ्यावर मी दोन महिने समाधान मानलं, हे सांगताना लाज वाटते.

त्या दिवशी फ्लॅट बघायला आलेले काका-काकू महाडकडचे. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना गावाहून आणायचं म्हणून त्यांना ही खोली हवी होती. बुकिंगचा चेक काकांच्या खिशात तयार होता.

"डोंगर गावाला पुष्कळ आहेत, बाय," काकू म्हणाल्या. "तू जरा आडवी हो बघू."

"काकी, वो शोपीस है," सर हसत म्हणाले.

मी सरांकडे पाहिलं. मग चपला काढून पलंगावर आडवी झाले. पाय घोट्यापासून बाहेर लोंबकळले.

"आमची म्हातारी हिच्याहून उंच," काकू म्हणाल्या. "तिला काय घडी घालून ठेवायची?"

सर लगबगीने गॅलरी दाखवायला वळले. कोणी मागे गेलं नाही. खरी कॉट इथे मावेल का, असं काकांनी मलाच विचारलं.

"मावेल," मी पडल्या पडल्याच म्हणाले. "पण दार पूर्ण उघडणार नाही."

"कुठलं दार?"

"इथे लावलेलं नाही ते."

चेक खिशातच परत गेला. सेल्स तुझ्या बस की बात नाही, असं सांगून सरांनी मला त्याच दुपारी काढलं.

माझ्या जागी त्यांनी पावणेपाच फुटांची मुलगी घेतल्याचं नंतर कळलं. पलंग तोच आहे. घर बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा. डोंगर नंतरही बघता येतो.