पहिला कप

नणंदेच्या लग्नाआधी सासूबाई मला छावणीतल्या चिनी बाईच्या पार्लरमध्ये घेऊन गेल्या. बाई औरंगाबादेतच जन्मलेली, मराठीत दखनी मिसळून फाडफाड बोलणारी. माझी एक भुवई कोरून झाली आणि हॉटेलातून चहा आला. बाईनं दातातला दोरा सोडला, पहिला कप स्वतः उचलला आणि फुंकर मारत, सावकाश, तळापर्यंत संपवला. मगच आमचे कप सरकवले. तोवर मी एक भुवई जाड, एक बारीक अशी आरशासमोर बसलेली.

सासूबाईंना राहवलं नाही. "आमच्यात आधी समोरच्याला देतेत, बाई."

बाई हसली. "तिकडं चीनमधी गरिबाच्या पोरी श्रीमंताच्या घरी विकायचे, अम्मा. माझ्या नानीलाबी विकली होती. मालकीण तिला लाडानं धाकटी बहीण म्हणायची. पण काम सगळ्या घराचं, अन् खाणं सगळ्यांच्या मागून. तो अब पहला कप मेरा. नानी के हिस्से का."

सासूबाई म्हणजे मामंजी, दीर, पाहुणे उठल्यावर पातेल्याचं बूड खरवडून जेवणारी बाई.

घरी आल्यावर मी चहा टाकला. मामंजींचा कप भरला, तोच सासूबाईंनी तो उचलला आणि ओट्याला टेकून फुर्रफुर्र पिऊन टाकला.

"दुसरा तू घे," त्या म्हणाल्या. "अन् त्यांनी चहा मागितला तर सांग, दूध नासलं."