फादर हामोंची बहीण

गुनिल्ड फादर हामोंच्या घरी आली ती स्वयंपाकाला, असं गावात सांगायची पद्धत होती. स्वयंपाक करता करता तिला तीन मुलं झाली. दोन गेली, एक मुलगी दलदलीपलीकडच्या गावी दिली, आणि तरीही बाई आपली स्वयंपाकालाच. गावाने तोंड वाकडं केलं नाही. तिच्या हातची बिअर फक्कड व्हायची, आणि बिअर चांगली मिळाली की माणसं चौकशा कमी करतात. फक्त शेजारची आल्डिथ विहिरीवर गाठून विचारायची, "काय गं, काल उशिरापर्यंत वाटाणे सोलत होतात वाटतं दोघं?"

"हो ना," गुनिल्ड म्हणायची. "तुझा नवरा बसल्या जागी घोरतो, तुला वाटाण्यातलं काय कळणार?"

मग पोपचं आणि आपल्या राजाचं बिनसलं. मोठा बिशप कोणी नेमायचा, एवढ्यावरून. पोपने रागाने देशभरातली चर्चं बंद केली. घंटा नाही, मिस्सेची प्रार्थना नाही, मेलेल्याला चर्चच्या आवारात जागा नाही. चांगली बापुडी माणसं गावाबाहेरच्या चरात पुरली जाऊ लागली. राजाचा हात रोमपर्यंत पोचेना, म्हणून त्याने हाताशी होतं ते धरलं. पाद्र्यांच्या कोठारांना कुलपं ठोकली आणि पाद्र्यांच्या घरातल्या बायका उचलून किल्ल्यात कोंडल्या. पाद्र्याने यावं, चारचौघांत ‘ही माझी’ म्हणावं, दंड भरावा आणि घेऊन जावं. पाद्र्याला बायको नसते, तेव्हा राजाला थट्टा भलतीच आवडली असणार.

कोठडीत ओल होती, उंदीर होते, आणि गप्पांना तोटा नव्हता. "माझा पहिला येईल बघा," एक म्हणाली. "त्याला स्वतःचे मोजेसुद्धा सापडत नाहीत." खरंच तो पहिला आला. मग एकेक येत गेले, कानापर्यंत लाल होऊन ‘ही माझी’ म्हणत गेले. गुनिल्ड दाराशी बसून ऐकायची. सुटकेपेक्षा तिचा जीव त्या दोन शब्दांत अडकला होता. इतक्या वर्षांत ते तिच्या वाट्याला आलेच नव्हते.

हामो आले तेव्हा चौकात नेमका बिशपचा कारकून उभा होता. त्याने वर नाव कळवलं असतं, तर चर्च हातचं गेलं असतं.

"ही कोण तुमची?" अंमलदाराने विचारलं.

हामोंनी खाली बघितलं. "बहीण. धाकटी."

शिपाई फिदीफिदी हसले. "बहिणीला दंड नाही," अंमलदार म्हणाला. "पण फादर, शपथ घ्यावी लागेल."

पवित्र ग्रंथ आणला. हामो हात मागे घेतील म्हणून गुनिल्ड बघत राहिली. त्यांनी हात ठेवला.

वाटेत ते हळूच म्हणाले, "अगं, दंडही वाचला, चर्चही राहिलं."

"दादा, खाली बघून चाला," ती म्हणाली. "चिखल आहे."

हामो हसले. त्यांना वाटलं, रुसली आहे, निवळेल. पण तिने अंथरूण बिअरच्या खोपटात हलवलं. रोज ती अंगणात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारायची, "दादा, जेवायला या." सुरुवातीला आल्डिथ तोंडावर हात धरून हसून बेजार व्हायची. थंडी पडेपर्यंत कोणी हसेनासं झालं. हामो तर मान वर न करता जेवायचे.

लेंटच्या उपासांत तिला तापाने धरलं. मरणाऱ्याचा कबुलीजबाब ऐकायची तेवढी पोपने मुभा ठेवली होती, म्हणून हामो खोपटात आले. आल्डिथ आणि दोघी जणी उशाशी होत्या. त्या उठायला लागल्या तर गुनिल्डने त्यांना थांबवलं.

"अहो," ती म्हणाली. किल्ल्यातून आल्यापासून हे पहिल्यांदाच. "ह्या तिघींना सगळं माहीतच आहे. एकदा तोंडाने सांगा, मी तुमची कोण."

हामोंचे ओठ हलले. "शपथ घेतलीये गं. ग्रंथावर हात ठेवून."

तिने भिंतीकडे तोंड केलं. पुढची प्रार्थना तिने ऐकली की नाही, कोण जाणे.

तिलाही त्या चरातच पुरलं. प्रार्थना म्हणायला बंदी, त्यामुळे सगळे नुसते उभे. हामो कडेला गुडघ्यांवर बसून हुंदके देत होते, आणि ते थांबेनात.

"फादर," आल्डिथ म्हणाली, "बहिणीसाठी माणूस एवढं रडत नाही."

हामोंनी बाहीला नाक पुसलं आणि फावडं उचललं.

"बहीणच होती," ते म्हणाले, आणि माती लोटू लागले.