अक्काच्या गच्चीवरचा कावळा

साताऱ्याहून एसटीत बसलो तेव्हा एवढंच ठरलं होतं, पनवेलला अक्काकडे जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. ती पंच्याहत्तरीची, मी सत्तरीचा. दोघंही आपापल्या घरी एकटी. फोनवर म्हणाली होती, "एकदा येऊन जा, काम आहे." काय काम, ते सांगेना.

पनवेल स्टँडवर उतरलो आणि भांबावलोच. गाव ओळखेनासं झालंय. "तळ्याजवळची पिवळी इमारत," मी रिक्षावाल्याला सांगितलं.

तो हसला. "बाबा, हिकडं सगल्याच पिवल्या हायत. नाव सांगा ना."

नाव आठवेना. दोन चकरा मारून शेवटी अक्कालाच फोन लावला. ती ओरडली, "मी गच्चीतून बघतेय, तू उलटा कुठे निघालास?"

गच्चीत पोचलो तर बाईसाहेब कठड्यावर भाताची मूद ठेवून उभ्या. रोज जेवणाआधी ठेवते म्हणे.

"पितृपक्ष नाही, काही नाही, हे काय गं?"

"कावळ्यांशी ओळख ठेवतेय. पोरगा परदेशात. उद्या मी गेले आणि पिंडाला कावळा शिवलाच नाही तर? इथे नुसती कबुतरं. भीती वाटते रे, जेवण जात नाही."

मला हसू आलं, पण तिच्याकडे बघून ते आवरलं.

शेजारच्या जनाबाई, मूळच्या मोरा बंदरावरच्या, तिथेच जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "अक्का, निस्त्या भाताला कावला येत नाय. आमचा जवला ठेवा, धावत येल."

अक्काने कपाळाला हात लावला. "अहो, माळकरी बाईच्या पिंडाला जवळा?"

तेवढ्यात खरंच एक कावळा आला. मुदीकडे मान वाकडी करून बघत बसला, चोच काही लावेना. अक्काचा चेहरा पडला. दहाव्याला घाटावर असं झालं की गेलेल्या माणसाला शब्द देतात. सवयीने माझे हात जोडले गेले आणि तोंडातून निघून गेलं, "अक्का, तुझी जी इच्छा राहिली असेल ती पुरी करू."

जिवंत बहिणीपुढे हे काय बोलून बसलो! जनाबाईंनी तोंडाला पदर लावला.

अक्का मात्र कावळ्याला सोडून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मग राहा की चार दिवस."

हेच का ते काम? आम्ही जेवायला खाली उतरलो. कावळा शिवला की नाही, दोघांनीही पाहिलं नाही. चार दिवस अक्का पोटभर जेवली.

साताऱ्याला परतलो, कुलूप काढलं, एकट्याचं पान वाढून घेतलं. माणूस गेल्यावर त्याची इच्छा आपण इतक्या मायेने विचारतो, मग असताना का नाही, याचा उलगडा होईना. आणि मलाच कोणी विचारलं, तर मी काय सांगेन? घास हातातच राहिला.