बादलीत तपासलेला डबा

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या त्या माणसाला सगळे बुडबुडे म्हणायचे. खरं नाव मालकालाही पगाराच्या दिवशीच आठवायचं. तयार केलेला डबा बादलीत दाबून धरायचा, आणि नाक पाण्यापासून वीतभर लांब ठेवून बुडबुडा येतोय का ते बघायचं, यावरून नाव पडलं. त्यालाही ते आवडायचं.

काम तसं कोणी फारसं करत नाही. पाण्याखाली फोटो काढायला पूर्वी प्लास्टिकचे पारदर्शक डबे मिळायचे, आणि त्यात एकदा वापरून टाकायचा कॅमेरा बसायचा. ते कॅमेरे बंद झाले आणि डबे खोकंभर उरले. आता मिळणारे कॅमेरे काही जाड, काही बुटके, काहींचं बटण भलतीकडेच. बुडबुडे जुना डबा कानशीनं आतून घासायचा, बाहेरचा खटका नेमका बटणावर पडेल असा तुकडा चिकटवायचा, रीळ सरकवायचं चाक जुळवायचा आणि झाकणाच्या रबरी रिंगला ग्रीस लावायचा. हात खरंच चांगला होता.

जीभ मात्र हाताच्या पुढे पळायची. खोल पाण्यात चालेल ना, असं गिऱ्हाइकानं विचारलं की हा म्हणायचा, प्रत्येक डबा मी स्वतः पोहण्याच्या तलावाच्या तळाशी नेऊन बघतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तलावाचं सोडा, गुडघाभर पाण्यात उतरायचं म्हटलं तरी त्याची पाचावर धारण बसायची. पण गिऱ्हाईकं उथळ पाण्यात खेळणारी, त्यामुळे थाप खपत गेली. खपलेली थाप पुढे माणसाला स्वतःलाच खरी वाटायला लागते.

आणि मग ताई आली. त्याची थोरली बहीण. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं म्हणून नाइलाजानं पाण्यात उतरली आणि तिथलीच होऊन गेली. दुसऱ्या गावी राहणारा मुलगा फोनवर हसला होता, आई, या वयात कसली हौस. पण आता ती तलावाच्या खोल टोकाला बुडी मारून तळ गाठायची. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर कितीतरी महिने पाणी बंद. त्याआधी तळाच्या फरशीवर हात टेकलेला एक फोटो तिला मुलाला पाठवायचा होता. तलावावर फोन न्यायला बंदी. डबा तूच कर, असं तिनं भावाला हक्कानं सांगितलं.

तिच्यासाठी घेतलेला कॅमेरा जाड निघाला. तो बसेना, म्हणून बुडबुडेनं डब्याच्या पाठीला आतून असलेली आडवी पट्टी सगळी घासून काढली. ती पट्टी पाठीला आधार देते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अंगठ्यानं दाबल्यावर पाठ किंचित आत गेली, तेही त्यानं बघितलं. बादलीत बुडबुडा आला नाही. झालं तर मग, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली. डबा नेताना ताईनं विचारलं, खोल जाऊन बघितलास ना? बघितला, असं तो कानस पुसत म्हणाला. मान वर केली नाही.

फोटो काढायच्या दिवशी काठावरच्या बाकावर ताईच्या मैत्रिणी बसल्या होत्या, आणि बाकाच्या मागे, पाण्यापासून लांब, बुडबुडे उभा होता. पोहायला शिकवणाऱ्या बाई डबा घेऊन खाली गेल्या, मागोमाग ताई. तिनं तळाला हात टेकला आणि बाईंकडे बघून हसली, ते वरूनही दिसलं. बाई वर आल्या तेव्हा डबा अर्धा पाण्यानं भरला होता आणि आतला कॅमेरा चिंब भिजला होता. खालच्या दाबानं पाठ आत गेली आणि झाकणाला फट पडली, हे बुडबुडेला एका नजरेत कळलं. 

तो काही बोलायच्या आत ताईच म्हणाली, "झाकणाची खिट्टी मीच नीट लावली नाही वाटतं. घाई नडली."

मैत्रिणींनी तिला चिडवलं. फोटोत सुंदर दिसायच्या नादात हिचं लक्ष कुठलं, असं कोणी म्हणालं. आता या बाबानं मूग गिळून गप्प बसावं, तर तेही नाही. तो मान डोलावत म्हणाला, "खिट्टी लावताना खट आवाज यायला हवा, ताई."

संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत त्यानं रीळ सोडवायचा प्रयत्न केला. सगळं एकमेकांना चिकटलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटत होती, अगदी किळस यावी इतकी, आणि पुन्हापुन्हा ते 'खट' कानात येत होतं. शेवटी तो डबा घेऊन ताईच्या घरी गेला. ती दवाखान्यात न्यायचे कपडे घड्या करून ठेवत होती. पट्टी घासल्याचं त्यानं सांगितलं. कधीच पाण्यात उतरलो नाही, तेही सांगितलं.

घडी घालता घालता ती म्हणाली, लहानपणी तुझं डोकं धुवायचं तर तुला धरायला आईला दोघाजणांना बोलवावं लागायचं. तू तलावाच्या तळाशी जातोस यावर मी कधी विश्वास ठेवला? मला वाटलं, निदान शिकवणाऱ्या बाईंकडून तरी डबा तपासून घेतला असशील.

"मग खिट्टीचं का सांगितलंस?"

"तुझी चारचौघांत शोभा नको म्हणून बोलून गेले. आणि वाटलं, तू मध्येच बोलशील. वाट बघत होते मी."

 टॉवेलची घडी तिनं पुढे केली, ती त्यानं पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात दाखल झाली आणि बुडबुडे एकटाच तलावावर गेला. मैत्रिणी पाण्यात होत्या, त्यामुळे त्याला काठापर्यंत जावं लागलं. खिट्टी ताईनं बरोबर लावली होती, असं त्यानं सांगितलं. डबा मी बिघडवला, आणि मला पोहता येत नाही. हसतील, अशी तयारी करून तो आला होता. कोणी हसलं नाही. शिकवणाऱ्या बाईंनी एवढंच विचारलं, हे काल तिच्यासमोर का नाही सांगितलंत?

तो तिथेच उभा राहिला. काठावर येणारं पाणी पायाला लागत होतं, पण मागे सरायचंही त्याला सुचलं नाही.