येसूबाईचा कप्तान

भाट्याच्या खाडीच्या अलीकडच्या अंगाला येसूबाई भंडारीण राहायची. ती येतेय हे डोळ्यांआधी नाकाला कळे. त्यात दोष तिचा नव्हता, सोडणांचा होता. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात खड्डे करून महिनोन्महिने कुजत घालायची, मग ती उपसून दांडक्याने बडवायची, काथ्या मोकळा करायचा आणि त्याचा सुंभ वळायचा, हा तिचा धंदा. नवरा फत्तेमारीवर खलाशी होता. तो मलबारात तापाने गेला आणि येसूबाईने त्या सुंभावर एकुलती मालन वाढवली, तिचं लग्न करून दिलं. सुंभाचा तिला अभिमानही तसाच. भाट्यापासून पावस गावापर्यंत होड्यांना तिचा सुंभ. त्याला कोणी नावं ठेवलीच, तर त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नसे. येसूबाई दारात उभी राहून बोलायची, आणि घरातल्या बाईला ऐकण्यातून फुरसत मिळायची नाही.

अशा बाईच्या घरी कुत्रं आलं ते पोत्यातून. एके सकाळी भरतीबरोबर वाहत आलेलं एक पोतं तिच्या खड्ड्याच्या खुंटाला अडकलं होतं. कोणीतरी आपली सोडणं चोरली असं धरून तिने आधी चोराच्या पूर्वजांचा उद्धार केला आणि मग पोत्याचं तोंड सोडलं. आत पिल्लं होती. सगळी गार पडलेली, एक तेवढं धुगधुगत होतं. पोतं कोणी टाकलं ते अख्ख्या आळीला ठाऊक होतं, पण त्याचं नाव घेऊन आपलं तोंड कशाला विटाळा! येसूबाईने ते पिल्लू ओच्यात घेतलं, चुलीपाशी शेकलं, बोटाने पेज चाटवली, आणि ते जगलं.

मोठं झालं तसं ते छाती पुढे काढून चालू लागलं. बंदरात बोट लागली की तिचा कप्तान वरून ज्या ऐटीत खालच्या माणसांकडे बघे, त्याच ऐटीत हे आळीकडे बघे. शेजारच्या केरूने, म्हणजे माडावर चढून नारळ काढणाऱ्या केरूने, त्याचं नाव कप्तान ठेवलं आणि तेच पडलं.

फक्त हा कप्तान पाण्याला भ्यायचा. येसूबाईने तोंड धुवायला तांब्या उचलला की स्वारी परसात पसार. डोक्यावरची घागर हिंदकळली तरी शेपूट पोटात. केरू विचारी, "काय गो वैनी, कप्तानाची बोट कुठल्या डोंगरावर चालते?"

"तुझ्या डोक्यात," येसूबाई म्हणायची. "तिथे सगळा कोरडा माळच हाय."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण शिमग्यानंतर मालनची सासू वारली. मालन पलीकडच्या तीराला, पावसच्या वाटेवर राहायची. पदरात एक पोर, दुसऱ्याचे दिवस भरत आलेले, नवरा मुंबईला गिरणीत. तिने निरोप धाडला, "आये, आता माझ्याकडे राहायला ये. मला कोण नाय."

जायला तर हवंच होतं. रात्री मालनकडे राहायचं, दिवसा माणसं खाडीपार नेणाऱ्या तरीच्या होडीने अलीकडे येऊन आपले खड्डे बघायचे, असं येसूबाईने ठरवलं. पण कप्तानाचं काय? तरीवरचा गंगाराम नावाडी कुत्रं होडीत घेत नसे. मागे एकदा भर खाडीत कोणाचंसं कुत्रं मासळीच्या टोपलीवर झेपावलं होतं, माणसं घाबरून एका अंगाला उठली होती आणि होडी उलटता उलटता राहिली होती. तेव्हापासून त्याचा नेम झाला, कुत्र्याने होडीमागून पोहत यावं. दोन्ही तीरांची कुत्री पोहतही येत. खोताच्या कुत्र्यालासुद्धा त्याने सूट दिली नव्हती.

"गंगारामदादा, माझं पोर पाण्याला भितं," येसूबाईने सांगून बघितलं.

"मग त्याला घरी ठेव."

"रातचं मी जवळ नसली तर ते खात नाय हो. मागल्या वर्षी पावसला दोन दिवस गेली तर हाडं वर आली त्याची."

"येसूबाय," गंगाराम वल्हं टेकून म्हणाला, "आज तुझ्या कुत्र्याला घेतलं तर उद्या खोत बैल आणील. मी काय करू?"

येसूबाईने टोपली उचलली आणि घरची वाट धरली. आळीत त्या दिवशी हाच विषय झाला.

केरूला कळवळा आला. केरूचा कळवळा म्हणजे घरावर माड पडण्यासारखा. आपल्याकडे पोरांना पोहायला शिकवताना दोन सुके असोले, सोडणासकटचे नारळ सुंभाने जोडून छातीखाली बांधतात, तसे त्याने कप्तानाला बांधले. पोराला खांदे असतात, म्हणून सुंभ जागेवर राहतो. कुत्र्याला कुठले खांदे? खाडीत सोडल्याबरोबर नारळ सरकत सरकत कमरेला गेले. ढुंगण वर आणि तोंड पाण्याखाली! येसूबाई लुगड्यासकट पाण्यात गेली आणि त्याला मानगुटीला धरून बाहेर काढलं.

"मेल्या, तुला कमरेला नारळ बांधून तुझ्याच विहिरीत सोडते, मग बघ!"

"वैनी, माझा विचार चांगला होता..."

"विचार? माडावर चढताना तो खाली ठेवून जातोस, तो कोणी चोरला असेल!"

त्यानंतर कप्तान पाण्याला तर भ्यालाच, वर नारळालाही भिऊ लागला. कोकणातल्या कुत्र्याने नारळाला भिऊन जायचं तरी कुठे? परसात नारळ पडला की हा चुलीमागे. मालनचे निरोप येत होते आणि येसूबाई सोडणांचं निमित्त सांगून दिवस ढकलत होती. खरं कारण लेकीला कसं सांगायचं? कुत्र्यासाठी आई अडून बसलीय म्हटल्यावर लेक काय म्हणेल?

एका दुपारी ती वाळूवर काथ्या पिंजत बसली होती. ओहोटीने वाळवंट उघडं पडून तापलं होतं. कप्तान शेजारी लवंडलेला. भरती लागली आणि पाणी त्या तापल्या वाळूवरून बोट बोट पुढे आलं. येसूबाईच्या पायाला लागलं तर चुलीवरून उतरल्यासारखं कोमट. एरवी ती उठली असती. त्या दिवशी उठली नाही. कप्तान उठला, मागे सरला, कुईकुई केलं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आपली पिंजत राहिली. शेवटी पंजे झाडत झाडत तो आला आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसला. पाणी त्याच्या शेपटीखालून गेलं. तो थरथरला, पण बसून राहिला.

मग तिचा तोच उद्योग झाला. दुपारची भरती असली की काथ्या घेऊन वाळवंटात. आज पाणी बसल्या पोटाला, उद्या थोडं वर. बोलणं नाही, ओढणं नाही. ज्या बाईची जीभ झोपेतही थांबत नसे, ती तिथे तासचे तास मुकी बसायची. काठावर बायका एकमेकींना कोपराने ढोसत, "बघ गो, कुत्र्याला पाणी शिकवताना बाईला मौन आलं!" पुढे ती त्याच्या पोटाखाली हात घालून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहू लागली. एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की आपला हात नुसताच पाण्यात आहे. कप्तान हाताच्या पुढे निघून गेला होता.

काठ ते काठ जाणं मात्र वेगळं. तोवर मालनचे दिवस अगदी जवळ आले. बोचकं घेऊन येसूबाई होडीत चढली आणि मागच्या टोकाला धक्क्याकडे तोंड करून बसली. कप्तान धक्क्यावर उभा राहून भुंकला. होडी सुटली तसा त्याने पुन्हा एकदा भुंकून बघितलं, आणि उडी टाकली.

अर्ध्यापर्यंत बरं चाललं. मध्ये धार लागली. पाण्याने त्याला बाजूला ओढलं, तोंडात पाणी गेलं, आणि कप्तानाने मान वळवून मागच्या काठाकडे बघितलं. तिथून माघारी फिरला असता तर धारेने त्याला थेट समुद्राकडे नेलं असतं. येसूबाईने बसल्या जागेवरून हात पाण्यात घातला, पालथा, बोटं पसरून.

आणि होडी थांबली.

"काय झालं रे गंगाराम?" कोंबड्यांची टोपली सांभाळत एक पाहुणा ओरडला.

गंगाराम वल्ह्याच्या खुंटीवर वाकला होता. "वल्ह्याचा सुंभ सुटला. बांधतोय."

"माझ्या हातचा सुंभ?" येसूबाई ताडकन वळली. "वर्ष झालं त्याला, कधी सैल पडला नाय! सुटेल कसा..."

बोलता बोलता तिची नजर खुंटीवर गेली. गाठ होती तशी आवळलेली होती. गंगाराम त्या गाठीवर उगाच बोटं फिरवत होता, आणि होडी धारेत कप्तानाच्या अंगाने हळूहळू मागे येत होती.

"व्हय," येसूबाई म्हणाली. "सुटतो कधी कधी."

"म्हातारी झालीस, येसूबाय," पाहुणा म्हणाला. "हातात पीळ राह्यला नाय!"

होडीतली माणसं हसली. तिने मान डोलावली आणि पाण्याकडे वळली. कप्तानाची ओली छाती तिच्या हाताला लागली होती. तो नाकाने फुरफुरत होता, पण पाय चालत होते. गंगारामने "बांधला" म्हणून वल्हं मारलं, अगदी सावकाश, वऱ्हाडाची होडी असल्यासारखं. होडीबरोबर कप्तान पलीकडे लागला आणि काठावर अंग झाडून त्याने न्यायला आलेल्या मालनला नखशिखांत भिजवलं. मालन ओरडायची तर हसूच लागली.

मालनला मुलगा झाला. कप्तान पुढे कित्येक वर्षं रोज खाडी पोहला. आणि येसूबाईचा सुंभ भर खाडीत सुटला, ही गोष्ट दोन्ही तीरांवर झाली. ज्याने त्याने तिला टोकलं. केरूने तर भर बाजारात विचारलं, "काय वैनी, काथ्यात आता काय मिसळतेस, भात?"

सगळे येसूबाईच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. शेजारी गंगाराम वांगी निवडत होता. तिने आपल्या टोपलीतली सुंभाची नवी गुंडाळी काढली, मुकाट्याने त्याच्या पिशवीत घातली आणि चालू लागली.

"अगो, हे कशाला?" गंगाराम म्हणाला. "जुना चांगला हाय की!"

"हळू बोला, दादा," येसूबाई वळून म्हणाली. "लोक ऐकतील."